मडमेची भिंत, माडवेळ

माडवेळ,
३ नोव्हेंबर २०२४

शहादेवदादा,
सप्रेम जय भीम.

फोन केला असता, पण तुला फोन करायचा म्हणजे ‘जे काय असेल ते लेखी पाठव’ एवढंच ऐकण्यासाठी तीनदा रिंग वाजवायची. तर घे, लेखी.

बीड सोडून या समुद्रकाठी शिक्षिका म्हणून आले त्याला अकरा वर्षं झाली. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेने माणसं मोजावीत, मतदार मोजावेत, संडास मोजावेत, आणि संध्याकाळी दम उरला तर पाढे शिकवावेत. एवढं कमी होतं म्हणून आता मला इतिहास दिलाय. इथल्या नगरपंचायतीने समुद्रकाठच्या जुन्या भिंतीलगत फरशी घातली, दिवे लावले, आणि तिथे ‘माडवेळचा गौरवशाली इतिहास’ अशी दहा फुटी पाटी लावायचं ठरवलंय. त्यासाठी समिती आहे. अध्यक्ष राऊळशेठ (चार लॉज). सदस्य राऊळशेठचे मेहुणे (दोन लॉज), नगराध्यक्ष, आणि मी. माझी पात्रता अशी, की माझं अक्षर चांगलं आहे आणि मला ‘नाही’ म्हणायची सोय नाही.

तू समुद्र पाहिलेला नाहीस, म्हणून गावाची कल्पना देते. सोमवार ते शुक्रवार इथे चार हजार माणसं, साठ-सत्तर कुत्री आणि वाळत घातलेली मासळी असते. शनिवारी सकाळी गाड्या येतात. त्या थेट वाळूवर उतरवून पाण्यात धुतात आणि मग भरती आली की ‘वाचवा’ म्हणतात. ट्रॅक्टर राऊळशेठचाच. कोळ्यांच्या घरांना आता ‘होम स्टे’ म्हणतात. पाहुणा खोलीत झोपतो आणि घरमालक चुलीपाशी. ‘प्युअर व्हेज’ आणि ‘सी फूड स्पेशल’ एकाच पाटीवर आहे. एक उंटही आहे. त्याला बघितलं की मला वाटतं, हाही आपल्यासारखाच बदलीवर आला असेल.

इतिहासाचा मसुदा राऊळशेठने स्वतः लिहिलाय. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘सन १८९४ मध्ये इंग्रज कलेक्टरसाहेबांनी आपल्या मडमेच्या हवापालटासाठी ही भव्य भिंत बांधली. मडम रोज सायंकाळी भिंतीवर बसून सूर्यास्त पाहत असे.’ राऊळशेठच्या नव्या लॉजचं नाव ‘मॅडम्स व्ह्यू’ आहे, हा निव्वळ योगायोग.

तुझ्या हातची अक्षरं आणि तुझी नजर, दोन्ही हवीत. मजकूर तपास, पाटी तूच रंगव. उद्घाटन २६ जानेवारीला आहे. मसुदा आणि भिंतीचे चार फोटो सोबत. मायलाही घेऊन ये, भिमामावशीला एकदा समुद्र दाखवू.

तुझी,
ज्योत्स्ना


मांजरसुंबा,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना,
जय भीम.

पत्र मिळालं. मसुदा तीनदा वाचला. एकूण सतरा चुका आहेत. तीन इथे देतो, चौदा वेगळ्या कागदावर क्रमवार जोडल्या आहेत.

पहिली. साहेबाला नाव नाही, मडमेला नाव नाही, पण ती रोज कुठे बसायची ते ठाऊक आहे. दुसरी. फोटो मी भिंग लावून पाहिले. सांधे सिमेंटचे आहेत. १८९४ साली तुमच्या खेड्यात सिमेंट कुणी आणलं, उंटाने? तिसरी. तुमच्याकडची जुनी घरं तांबड्या चिऱ्याची असतात असं तूच मागे लिहिलं होतंस. ही भिंत काळ्या दगडाची आहे, आणि दगडाला टाकीचे घाव आपल्याकडच्या विहिरीच्या बांधकामासारखे तिरपे आहेत. मडमेनं आमच्या शिरूर कासारचा गवंडी नेला होता काय? संपूर्ण मसुद्यात मला एकच विधान मान्य आहे: सूर्यास्त सायंकाळी होत असे.

मी नववी नापास आहे हे राऊळशेठना जरूर सांग. मला नापास करणाऱ्या गुरुजींच्या मुलाच्या लग्नाची पाटी मीच दुरुस्त करून दिली, हेही सांग. इथं हायवेवर अठ्ठावीस ढाबे आहेत. सत्तावीस पाट्या माझ्या हातच्या. अठ्ठाविसाव्यात चार चुका आहेत आणि तिथं मी चहासुद्धा घेत नाही.

आता एक गंमत. मसुदा मी मोठ्यानं वाचत होतो. माय शेजारी लसूण सोलत बसली होती. मडमेपाशी आलो तशी म्हणाली, “कोन मडम? ती भित आमी बांधली.”

मी म्हणालो, “माय, तू माजलगावचं धरण म्हणतीस.”

“धरान न्हाई. खारं पानी. मला खारं-गोडं कळत न्हाई व्हय?”

“कधी गेली होतीस तू?”

“दुस्काळात. बहात्तरच्या. ट्रकात बसून.”

पन्नास वर्षांत या बाईनं हे कधी सांगितलं नाही. मी म्हणालो, “बरं, पुरावा काय?”

तर म्हणते, “भित हाय की तितं!”

हसू नकोस. मायचं वय झालंय. कुणाचं तरी ऐकलेलं तिला आपलंच वाटत असावं. माझा नियम तुला माहीत आहे: जे कागदावर नाही ते पाटीवर नाही. तो राऊळशेठला लागू आहे आणि मायलाही. १९७२-७३ चा कागद सापडला तर मात्र मडमेला भिंतीवरून उतरवायची जबाबदारी माझी.

मोबदला नको. पाटीच्या खाली उजव्या कोपऱ्यात ‘लेखन व रंगकाम : शहादेव, मांजरसुंबा’ एवढं राहू दे.

तुझा,
शहादेवदादा


माडवेळ,
२८ नोव्हेंबर २०२४

दादा,
सप्रेम जय भीम.

मायचं वय झालंय म्हणतोस. तुझ्या शहाणपणाचंही झालंय. मी ऐकीव म्हणून सोडून दिलं नाही.

आधी गेले कोळीवाड्यातल्या भागीआजीकडे. वय ऐंशीच्या पुढे, दात नाहीत, जीभ शाबूत. म्हणाली, “मडम बिडम मी नाय बघितली. घाटावरची माणसां होती. दुष्काळातली. ज्वारीच्या भाकऱ्या थापायची आणि आमच्या मासळीच्या वासाक नाक धरायची. महिन्याभरान त्योच बायका सुकट मागूक येऊक लागल्यो.” मग म्हणाली, “राऊळाचा बापूस तेव्हा त्यांका पाणी विकायचा.” हे शेवटचं मी समितीत सांगितलेलं नाही. नोकरी करायचीय.

मग नगरपंचायतीच्या माळ्यावर चढले. जुन्या ग्रामपंचायतीचं दप्तर तिथे आहे. वाळवीने निम्मं वाचून संपवलंय. उरलेल्यात हा कागद मिळाला, झेरॉक्स जोडलीय. ग्रामपंचायतीने मजुरांना राहायला जागा दिली होती, म्हणून त्यांच्या हजेरीपटाची नक्कल इथे राहिली. वर लिहिलंय: ‘समुद्र संरक्षक भिंत. नोव्हेंबर १९७२ ते मे १९७३. मजूर जिल्हा बीड. मुकादम मोहनराव. एकूण जोड्या ४१.’ खाली एकेचाळीस नावं. सगळी पुरुषांची. प्रत्येकापुढे ‘व बायको’. ऊसतोडीला आजही आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, तीच तऱ्हा. त्याने दगड फोडायचा, हिने वाहायचा. हजेरी एक, नाव त्याचं.

समितीत कागद ठेवला तेव्हा राऊळशेठचा चेहरा ओहोटीसारखा मागे गेला. म्हणाले, “टीचर, पर्यटकाला दुष्काळ कशाला दाखवायचा? तो सुट्टीवर आलेला असतो.” पण कागद सरकारी शिक्क्याचा आहे म्हणून तो परत माझ्याकडे सरकवला. दहा जानेवारीपर्यंत आपला मजकूर पक्का करून द्या म्हणाले.

एकच अडलंय. यादीत काकांचं नाव मला सापडलं नाही. दोनदा पाहिली. मावशी कुणाच्या जोडीत होती?

ज्योत्स्ना


मांजरसुंबा,
११ डिसेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना,
जय भीम.

कागद पाहून अंगावर काटा आला. मी टाकीच्या घावावरून जे ओळखलं ते शिक्क्यानिशी खरं निघालं. हे तुझ्या समितीच्या इतिवृत्तात माझ्या नावासह नोंदव.

आता क्रमाने. आमच्या वडिलांचं नाव यादीत नाही. मी चारदा पाहिली. मायला सांगितलं. तिनं विचारलं, “न्हाई त्यात?” मी म्हणालो, “न्हाई.” ती म्हणाली, “मग न्हाई,” आणि उठून शेळीला पाला टाकायला गेली. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम. आपली माय आहे म्हणून एक ओळ जास्त घातली, तर माझ्यात आणि राऊळशेठमध्ये फरक तो काय?

दुसरं. कागद आहे म्हणून मी त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही. मोटारसायकल काढली आणि शिरूरकडच्या गावांत यादी पडताळायला गेलो. क्रमांक २३ वर ‘धोंडीराम व बायको’ आहे. धोंडीराम आपल्याच गावचे, वरच्या आळीतले शेतकरी. वारून वीस वर्षं झाली. त्यांची बायको छबुबाई आहे. मुलगा अंगद, पंचायत समितीचा माजी सदस्य. त्याच्या वाढदिवसाचा फलक दरवर्षी मीच करतो.

छबुबाईंना विचारलं, “काकू, समुद्राच्या कामावर तुमी होता ना?”

त्या म्हणाल्या, “मी कवा गेल्ते? मी त्या साली बाळंतीन. अंगद पोटातून नुकता भुईला लागला हुता.”

“मग इथं ‘व बायको’ कसं?”

“मला काय इचारतूस? ज्यानं लिव्हलं त्याला इचार.” आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच चुकीचं लिहिलंय.

अंगदचं वेगळंच. म्हणाला, “आमचा बाप समुद्राला गेलता? अन् मला म्हाईत न्हाई? शाद्या, फोटू टाक बे त्याचा पाटीवर. कलरमध्ये.”

तात्पर्य: क्रमांक २३ ची नोंद अंशतः खोटी आहे. बायको कामावर नव्हती. म्हणून पाटीवर ‘४१ जोड्या’ न लिहिता ‘४० जोड्या व एक पुरुष’ असं लिहावं. ही दुरुस्ती मी सही करून थेट तुझ्या समितीच्या अध्यक्षांना रजिस्टर पोस्टानं पाठवली आहे, म्हणजे तुला त्रास नको.

शहादेवदादा


माडवेळ,
१७ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं रजिस्टर पोस्ट पोचलं. राऊळशेठने ते समितीत उभं राहून वाचलं. इतका आनंद त्यांना लॉजच्या उद्घाटनालाही झाला नव्हता. म्हणाले, “बघा टीचर, तुमच्याच तज्ज्ञांनी लेखी दिलंय की नोंद खोटी आहे. एक ओळ खोटी तर बाकीच्या चाळीस कशावरून खऱ्या?” मेहुण्यांनी अनुमोदन दिलं. मडम पुन्हा भिंतीवर जाऊन बसली. खास तुझ्या सहीने.

दादा, तू भिंग घेऊन दगडाचे घाव मोजतोस. एका पुरुषाच्या नावापुढे सात महिने ‘व बायको’ लिहिलं गेलं. रोजची हजेरी भरली. दगड वाहिले गेले, नाहीतर भिंत उभी राहिली नसती. त्याची बायको तर गावात बाळंतीण होती. आणि तुझी आई म्हणते मी होते, पण तिच्या नवऱ्याचं नाव नाही. हे दोन्ही तू एकाच पत्रात लिहिलंस, एकाखाली एक, क्रमाने. आणि उत्तर काय काढलंस? ‘४० जोड्या व एक पुरुष’!

मी आणखी काही लिहीत नाही. तेविसाव्या ओळीतली बायको कोण, एवढं मावशीला विचार. खाली बसून विचार. आवाज चढवू नकोस. आणि हातात वही घेऊ नकोस.

दहा जानेवारीला मजकूर गेला नाही तर मडम कायमची. मावशी त्र्याहत्तर वर्षांची आहे, दादा. पाटी पुन्हा पन्नास वर्षांनी बदलतील.

ज्योत्स्ना


मांजरसुंबा,
७ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,
जय भीम.

उत्तराला तीन आठवडे लागले. माझ्या चुकांच्या यादीत ही अठरावी, आणि ती मसुद्यातली नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी खाली बसलो. वही घेतली नाही. विचारलं, “माय, धोंडीरामकाकाच्या नावाम्होरं बायको म्हणून कोण होतं?”

ती हसली. मला वाटलं रडेल. म्हणाली, “लई येळ लावला रं शाद्या. तुला लोकं हुशार म्हनत्यात ना?”

मग तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो.

“तुझ्या बापाचा पाय हिरीच्या कामावर मोडला हुता. खाटंवर. घरात दाना न्हाई. मोहनराव मुकादम ट्रक भरत हुता, पर जोडीच पाहिजे म्हने. एकल्या बाईला घेत न्हाई, एकल्या गड्याला घेत न्हाई. धोंडीरामाची छबू बाळंतीन. त्योबी एकला. मुकादमच म्हनला, तुमी दोघं एक जोडी लावा, मला कागद भरायचाय. गेलो. सात महिनं रोज सकाळी हजेरी. ‘धोंडीराम, जोडी?’ त्यो म्हनायचा ‘हाय’. झालं. माझं नाव कुनी घेतलं न्हाई. आमचं कुनाचंच न्हाई. आमी सगळ्या निसत्या ‘व बायको’.”

मी विचारलं, “काका कसा होता?”

“बरा हुता. नजर वर न्हाई केली. पर कागदावर नवरा, आन माझ्या तांब्याला शिवायचा न्हाई! तहान लागली की वरच्या आळीच्या बाया हुडकत फिरायचा. म्या म्हनलं, दादा, बरंय तुझं. जोडी माझ्यासंगं आन पानी दुसरीकडं. मला तुझं रांधावं तर लागत न्हाई.”

“मग पन्नास वर्षं बोलली का नाहीस?”

“कावून बोलू? गावानं काय ऐकलं असतं, भित का बायको? तुझा बाप म्हनला, पोटासाठी गेलतीस, आलीस, आता त्ये मिटलं. त्येला ठावं हुतं. मुकादमाला ठावं हुतं. छबूला ठावं हुतं. कागदाला तेवढं ठावं नव्हतं, आन तू त्येलाच इचारत बसलास.”

ज्योत्स्ना, मी तीस वर्षं पाट्या रंगवतो. एवढं नेमकं वाक्य कुणी माझ्याकडून रंगवून घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी छबुबाईंकडं गेलो. अंगद ओट्यावर होता. सगळं ऐकून उसळला. “आमच्या बापाची बायको म्हणून तुझ्या मायचं नाव? शाद्या, पाटी लागली तर समुद्रात दिसंल बे! मला निवडणुकीला उभं राहायचंय.” आतून छबुबाई आल्या. म्हणाल्या, “गप रं. तुझ्या बापाला एकल्याला कोन घेत हुतं? भिमी गेली म्हनून त्यो गेला. त्यानं धाडलेल्या दान्यावर तू आन मी जगलो. तवा तुला तिची जात आडवी आली न्हाई, तू मुकाट दूध पीत हुतास.” अंगदला मी तीस वर्षांत पहिल्यांदा बिनफलकाचा पाहिला.

परत येऊन मायला विचारलं, “तुझं नाव कसं लिहू?” म्हणाली, “लिव्हायचं तर निसतं लिव्ह. कुनाची कोन ते लिव्हू नको. आन मग बाकीच्यांचंबी लिव्ह.”

बाकीच्यांचं! यादीत तर ‘व बायको’ एकेचाळीस वेळा. मग मी मोटारसायकलला दोन टायर नवे टाकले आणि गावोगाव फिरलो. कुठं नातू भेटला, त्याला आजीचं नाव माहीत नाही. आम्ही तिला ‘म्हातारी’च म्हणायचो म्हणाला. कुठं लेकानं रेशनकार्ड काढून वाचलं. भामाबाई म्हणून एक जिवंत आहेत, डोळे गेलेत. त्यांनी एका दमात अकरा बायकांची नावं सांगितली, कोण कुणाशी भांडायची त्यासकट. एकूण सत्तावीस नावं झाली. प्रत्येक नावापुढं सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख माझ्या वहीत आहे. हा कागद नाही असं राऊळशेठनी म्हणून तर बघावं.

मजकूर जोडला आहे. मडम नाही. दोन रकाने आहेत. एका रकान्यात पुरुष, दुसऱ्यात बायका, दोन्ही वर्णक्रमानं, म्हणजे कोण कुणाच्या जोडीत ते दिसतच नाही. अंगदचीही सोय झाली. चौदा ओळी कोऱ्या आहेत, त्या कोऱ्याच रंगवायच्या. आधीची दुरुस्ती मी मागे घेतो आणि चूक माझी होती असं अध्यक्षांना लेखी कळवलं आहे. हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले.

शहादेवदादा


माडवेळ,
१९ जानेवारी २०२५

दादा,
सप्रेम जय भीम.

तुझा मजकूर मी समितीत उभी राहून वाचला. सत्तावीस नावं वाचेपर्यंत नगराध्यक्षांनी मोबाइल खाली ठेवला होता, एवढं यश. मग राऊळशेठ म्हणाले, फार छान, पण लांब आहे. पर्यटक सेल्फी काढतो, पारायण करत नाही.

मतदान झालं. तीन विरुद्ध एक. पाटी रत्नागिरीहून फ्लेक्सवर छापून आली. तुझ्या मानासाठी त्यांनी तडजोडही केली. ती अक्षरशः देते: ‘सन १८९४ मध्ये कलेक्टरसाहेबांनी आपल्या मडमेसाठी ही भिंत बांधली. काहींच्या मते ती मजुरांनी बांधली.’

काहींच्या मते, दादा. बाकीच्यांच्या मते साहेबाने स्वतः पाट्या वाहिल्या असाव्यात.

मी विरोधाची नोंद केली आणि खाली सही केली. सोमवारी मला मतदार यादीच्या कामाला शेजारच्या गावात पाठवलंय. मावशीला काय सांगू?

ज्योत्स्ना


मांजरसुंबा,
२२ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,
जय भीम.

मायला मी सांगितलं. ती म्हणाली, “काहींच्या म्हंजी आमच्याच की. खोटं कुटं हाय?” माझ्याच्यानं मात्र इतकं समजूतदार होणं नाही.

तू एकदा लिहिलं होतंस की तुझ्या शाळेची कुंपणभिंत रस्त्याच्या पलीकडं, समुद्राकडं तोंड करून आहे. ती जिल्हा परिषदेची आहे ना, नगरपंचायतीची नाही? मुख्याध्यापक तूच आहेस ना? मग झालं. आठ फूट बाय चार फूट पत्रा, दोन हात लाल ऑक्साइड, वर ऑइल पेंटात आपला मजकूर. खाऱ्या वाऱ्यावर दहा वर्षं बोलायला नको. एस.टी. पार्सलनं टाकला आहे. पावती जोडली आहे. एक्याऐंशी वेळा तपासला.

माय आणि माझी आम्रपाली शनिवारी पोचतील. आम्रपाली नाशिकला शिकून लेकीसारखी नाही, वकिलासारखी बोलते. तिला उद्घाटनात पुढं बसवू नकोस. मी येणार नाही. जिथं मडमेची पाटी लागते तिथं मी पाय ठेवणार नाही. खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव मी लिहिलेलं नाही. जागा भामाबाईंना आठवलेल्या अठ्ठाविसाव्या नावानं घेतली, म्हणून कोऱ्या ओळी आता तेरा.

शहादेवदादा


माडवेळ,
२७ जानेवारी २०२५

दादा,
सप्रेम जय भीम.

तू आला नाहीस ते बरं झालं. उद्घाटनाच्या भाषणात राऊळशेठने मडमेचं नाव ‘मार्गारेट’ असल्याचं जाहीर केलं. कालपर्यंत ते त्यांनाही माहीत नव्हतं. तुला तिथेच फीट आली असती. आम्रपालीने टाळ्या वाजवल्या आणि सगळे थांबल्यावरही वाजवत राहिली, तेव्हा मी तिचा हात धरला.

आधी सकाळी, शाळेत. झेंडावंदन झाल्यावर मुलांना तुझ्या पत्र्यासमोर उभं केलं. चौथीच्या पोरांनी नावं वाचली, एक मुलगा एक नाव. मावशी खुर्चीवर होती. ‘भिमाबाई’ वाचून झालं तशी ती हजेरीला म्हणावं तसं मोठ्याने म्हणाली, “हाय.” पोरं हसली. पुढच्या नावाला थांबली, कुणी ‘हाय’ म्हणतंय का बघायला. कुणी म्हणालं नाही. मग मावशीच म्हणाली. उरलेल्या सगळ्या बायकांचं तिने म्हटलं. कोऱ्या ओळींपाशी पोरं गप्प झाली तेव्हा म्हणाली, “पुढं चला. त्याबी हुत्या.”

भागीआजी आली होती. दोघींनी एकमेकींना ओळखलं नाही, आणि तासभर ओळखीचं बोलल्या.

संध्याकाळी तिला भिंतीपाशी नेलं. गर्दी होती. उंट होता. ‘मडमेची खुर्ची’ म्हणून सिमेंटची एक खुर्ची केलीय, तिथे फोटोला रांग होती. मावशीने भिंतीवरून हात फिरवला. एके ठिकाणी थांबून म्हणाली, हा दगड तिरका बसलाय, तवाच म्हनलं हुतं. मग पदर खोचला आणि मला कळायच्या आत वर चढून बसली. समुद्राकडे तोंड करून. म्हणाली, “सात महिनं ह्याच्याकडं पाठ हुती गं. बघायला कुनी दिलंय?”

तेवढ्यात नवा गार्ड शिट्टी वाजवत आला. “ओ आजी, खाली उतरा. भिंतीवर बसायला मनाई आहे.”

“कावून रं?” मावशी म्हणाली. “कच्ची हाय का?”

तो गोंधळला. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “नाही हो. एकदम पक्की आहे.”

“मग काय अडलं?” ती म्हणाली, आणि थोडी सरकून बसली. “लई दमलास. तूबी टेक.”

तुझी,
ज्योत्स्ना